मीटरचं पोपटी कव्हर

उन्नती कोहळेचा थ्रीडी प्रिंटर माझ्या झेरॉक्सच्या दुकानात शिरला तो अतिक्रमण म्हणूनच. “काकू, दोन दिवस ठेवू द्या ना, घरी टिनाखाली लय गरम होते तो,” असं म्हणाली आणि त्या दोन दिवसांना आता तिसरा उन्हाळा लागला. नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडला लागून माझं दुकान. समोरून दिवसभर ट्रक जातात, धूळ आत येते, आणि कोपऱ्यात बसून ते यंत्र प्लास्टिकची तार वितळवत थरावर थर चढवत राहतं. आधी मी रोज बडबड करायचे. पण ही पोरगी इतकी शांत की तिच्याशी भांडण जमतच नाही. आपण बोलत राहायचं आणि ती मापं घेत राहणार. शेवटी थकून आपणच चहा सांगायचा.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेली ही मुलगी दिवसा एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करते आणि संध्याकाळी माझ्याकडे येते. कोणाच्या मिक्सरची फिरकी तुटली, कोणाच्या शिलाई मशीनचा दाता गेला, कोणाच्या आजोबांच्या काठीचं बूड झिजलं, की लोक हिच्याकडे तुकडे घेऊन येतात. ती ते तुकडे हातात फिरवते, व्हर्नियरनं मोजते, पडद्यावर तसाच नवा तुकडा काढते आणि छापून देते. नावाची किचेन करून दे म्हणणाऱ्यांना मात्र ती सरळ “वेळ नाही” सांगते. या एका गोष्टीसाठी मी तिला पहिल्यांदा मनातून मानलं.

तिचे वडील चंद्रभान वायरमन आहेत. आमच्या नागपुरात होळी आटोपली की माळ्यावरचे कूलर खाली येतात, नवी खसची ताटी बसते, टाकीत पाणी पडतं, आणि चार महिने घराघरात टिनाचा तो डबा घरघरत राहतो. टिन, पाणी आणि करंट एकत्र. वायर कुठं घासली गेली की अख्ख्या डब्यात करंट उतरतो. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, आपण हळहळतो आणि उठून आपल्याच कूलरमध्ये पाणी टाकायला जातो. चंद्रभानजींचं काम म्हणजे घरोघरी जाऊन कूलर तपासायचे.

त्यांची तपासायची पद्धत बघून माझा जीव वर-खाली व्हायचा. ते कूलरच्या टिनाला उलटा हात लावायचे. “सुलटा लावला तं मूठ बंद होते वं शोभाताई, माणूस चिकटते. उलटा लावला तं हात आपोआप मागं येते,” असं मला समजावून सांगायचे, जणू मी उद्यापासून हाच धंदा सुरू करणार होते. खिशात करंट मोजायचा मीटर असायचा, पण तो त्यांच्या हातून सटकायचा. कधी कूलरच्या टाकीत, कधी जिन्यावरून खाली. काच तडकलेली, पाठीमागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. मीटर रुसला की हात होताच.

गेल्या उन्हाळ्यात त्या हातानं त्यांना स्टुलावरून फेकून दिलं. खांदा निखळला. खांदा बसवला, पण बोटांची पकड गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर उन्नतीनं त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, “बाबा, तुम्हाले माही शप्पथ आहे. यापुढं कूलरले हात लावान तं माह्या मेल्या तोंडाकडे पाहान.” असली शपथ ऐकून मीच शहारले. चंद्रभानजींनी ती घेतली. ते देवभोळे आहेत, आणि एकुलत्या एका लेकीची शपथ आमच्याकडे कोणी हसण्यावारी नेत नाही.

पण उन्नती हुशार. तिला कळलं की मीटर शाबूत राहिला तरच ही शपथ शाबूत राहील. म्हणून तिनं त्या मीटरचं कव्हर करायला घेतलं. बाजारात मिळतात ती कव्हरं त्या जुन्या मीटरला बसत नव्हती, आणि नवा मीटर घ्यायला बाप तयार नव्हता. म्हणे, याची सवय झाली.

ते कव्हर घडताना मी पाहिलं. पहिलं छापून निघालं तर मधली गोल चकती फिरेना. दुसऱ्यात चकती फिरली, पण वायरी खोचायची भोकं अर्धी झाकली गेली. तिसऱ्यात सगळं बसलं, आणि तिनं बाजूला वायरी गुंडाळायला दोन कान दिले, वर गळ्यात अडकवायला कडी दिली. बोटांची पकड गेलेल्या माणसाला कडी किती लागते हे तिला सांगावं लागलं नाही. बटणांच्या जागी धूळ-पाणी जाऊ नये म्हणून तिनं एक पातळ पट्टी ठेवली आणि पट्टीच्या आतून एक छोटी जीभ काढली. बाहेरून पट्टी दाबली की आत जीभ बटण दाबते. मला ती जीभ फार आवडली. मी म्हटलं, “तुझ्यापेक्षा हीच जास्त बोलते.” उन्नती चक्क हसली.

मग पाडून बघायचं ठरलं. ते काम मी आनंदानं अंगावर घेतलं. दुकानाच्या जिन्यावरून मीटर सोडला, तर कव्हराला पडद्याच्या कोपऱ्याजवळ चीर गेली. उन्नतीनं पडद्याभोवतीची चौकट जाड केली. चौकट थोडी आत सरकली, पडद्याच्या कडा झाकल्या गेल्या, पण आकडे स्वच्छ दिसत होते. पुन्हा पाडला. काही झालं नाही. दुकानात उरलेली तार पोपटी रंगाची होती, म्हणून कव्हरही पोपटी झालं. चंद्रभानजींनी ते गळ्यात घातलं आणि आरशात पाहिलं. लग्नातला फेटाही त्यांनी इतका वेळ न्याहाळला नसेल.

तेव्हापासून ज्याच्या घरी जातील तिथं आधी कव्हर दाखवायचे. “पोरीनं बनवलं. इंजिनियर हाय.” ती इंजिनियर नव्हती, पण कोण सांगणार? कूलरला हात लावणं बंद झालं. एक वायर टिनाला, एक नळाला, पडद्यावर आकडा. शून्य आलं की “आरामात झोपा” म्हणून निघायचे. उन्नतीचा जीव भांड्यात पडला. माझाही.

मे महिन्यातला रविवार होता. त्या आठवड्यात आमच्याकडे उन्हाचं असं चालू होतं की दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नव्हतं. उन्नती दुकानात प्रिंटरजवळ बसली होती. चारच्या सुमारास चंद्रभानजी काम आटोपून आले आणि मटक्यातलं पाणी घटाघटा प्यायले. माझं झेरॉक्स मशीन तासाभरापासून बंद पडलं होतं. मी म्हटलं, “चंद्रभानजी, जरा बोर्डात करंट आहे का पाहा. मशीन गेलं की बोर्ड, मला कळेना.”

त्यांनी गळ्यातला मीटर काढला, दोन वायरी सॉकेटमध्ये घातल्या. पडद्यावर शून्य.

“बोर्डच गेला, ताई. करंट नाही.”

मला ते पटलं नाही. मला सहसा काही पटत नाही, हा माझा स्वभाव आहे. मी टेबलफॅनची पिन काढून त्याच सॉकेटमध्ये खुपसली. पंखा भणाणून फिरायला लागला आणि काउंटरवरचे कागद उडाले.

आम्ही तिघंही त्या पंख्याकडे बघत राहिलो. चंद्रभानजींनी पिन काढून पुन्हा वायरी घातल्या. शून्य. पुन्हा पंखा लावला. पंखा फिरला. नेमकं काय झालंय ते मला कळत नव्हतं. उन्नतीला कळलं. तिनं मीटर हातात घेतला आणि बटणावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

पट्टी आत वाकली होती. दुपारी चंद्रभानजी एका टपरीवर जेवायला थांबले होते, स्कूटर डांबरी रस्त्यावर उन्हात उभी, मीटर तसाच चालू, डिकीत. त्या बंद डिकीत ते प्लास्टिक मऊ पडलं, वाकलं, आणि वाकलेलं तसंच पुन्हा कडक झालं. आतली जीभ बटणावर जाऊन रुतली होती. ते बटण होल्डचं. ते दाबलं की पडद्यावरचा आकडा तिथंच थांबतो, म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात मोजून उजेडात येऊन वाचता येतं. जुन्या धाटणीचं बटण, एकदा आत गेलं की परत दाबेपर्यंत बाहेर येत नाही. सकाळी कुठल्या तरी चांगल्या कूलरवर आलेलं शून्य पडद्यावर तसंच बसलं होतं.

उन्नतीनं नखानं कव्हर ओरबाडून काढलं. पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसं एच दिसत होतं. होल्ड चालू आहे हे सांगणारी खूण. तिनं जाड केलेल्या चौकटीच्या बरोबर मागं. तिनं ते बटण पुन्हा दाबून बाहेर काढलं.

“बाबा,” ती म्हणाली. “जेवल्यानंतर कोणाकोणाच्या घरी गेलते?”

चंद्रभानजी खुर्चीवर बसले. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मी त्यांना खांद्याला धरून हलवलं. “बोला ना! कोणाकोणाच्या घरी?”

मग त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली आणि उन्नती एकेकाला फोन लावत गेली. “कूलर बंद करा. पिन काढून ठेवा. नाही, हात नका लावू, आधी बटण बंद करा. बाबा येऊन राहिले.” कोणी घाबरलं, कोणी चिडलं, पण सगळ्यांनी कूलर बंद केले. सगळ्यांनी फोन उचलला, फक्त प्रयागबाईंच्या घरून कोणी उचलला नाही.

प्रयागबाई म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, गोदामांच्या मागच्या गल्लीत राहणारी म्हातारी. मुलगा ट्रकवर असतो, घरी ती आणि सून श्वेता. उन्नतीनं पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. मी शटर अर्धं ओढलं आणि आम्ही निघालो. स्कूटरवर तिघं, माझ्या वयात आणि माझ्या वजनात. अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागलेली, पलीकडे जायला फट मिळेना. उन्नती उतरली आणि हात वर करून ट्रकांच्या मधून सरळ चालायला लागली. एक ड्रायव्हर तिला शिव्या देत होता. तिनं वळूनही पाहिलं नाही. तिच्या मागोमाग आम्ही स्कूटर पलीकडे काढली.

दार श्वेतानं उघडलं. हाताला पीठ. “काका? काही राहिलं का?”

चंद्रभानजी चपला न काढता आत गेले, स्वयंपाकघर ओलांडून खिडकीपाशी गेले आणि बटण पाडून पिन उपटली. कूलरची घरघर थांबली आणि घरात एकदम शांतता झाली. तेव्हा कुठं आतल्या खोलीत फोन वाजतोय हे ऐकू आलं. उन्नतीनं अजून बंद केला नव्हता.

प्रयागबाई कूलरसमोरच्या बाजेवर बसल्या होत्या. धडधाकट. मी भिंतीला टेकले. खरं सांगते, मला तिथंच रडू आलं.

“काय झालं का?” श्वेता घाबरून विचारत होती. “चपला घालून चुलीपाशी?”

चंद्रभानजींनी आधी सॉकेटमध्ये मीटर लावून पाहिला. आकडा बरोबर आला. मग पिन पुन्हा बसवली, सगळ्यांना लांब उभं केलं, बटण चालू केलं, एक वायर कूलरच्या टिनाला लावली आणि दुसरी नळाला. आकडा चढला. एकशे साठच्या वर जाऊन थांबला. मला मीटरमधलं काही कळत नाही, पण तिथं शून्य यायला हवं होतं एवढं कळत होतं. चंद्रभानजींनी बटण बंद करून पिन काढली आणि कात्रीनं वायरच कापून टाकली.

मी खाली पाहिलं. प्रयागबाईंच्या पायात रबरी चपला होत्या. टाचा दुखतात म्हणून घरातही घालायच्या. फरशी कोरडी होती. आणि दाराशी पाण्यानं भरलेली बादली होती, बादलीवर पोतेरं. श्वेता कणीक मळून झाली की फरशी पुसणार होती, अनवाणी, ओल्या फरशीवर, कूलरच्या बुडाखालून हात घालून. एरवी कूलर बंद करून पुसायची; आज शून्य आलं होतं, म्हणून चालूच होता. मी ती बादली उचलून अंगणात नेऊन ओतली. कोणी मला सांगितलं नव्हतं, पण ती तिथं बघवेना.

परत आले तेव्हा उन्नती प्रयागबाईंच्या पायाशी फरशीवर बसली होती. म्हातारीच्या उजव्या हाताला तेल चोळलेलं होतं, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली.

“हाताले काय झालं, आजी?”

“झिणझिण्या येतात, बाई. कूलरात पाणी टाकाले गेली का येतात. पार खांद्यापर्यंत.”

“मी म्हटलं वात असन,” श्वेता मध्येच म्हणाली. “काकानं तं दुपारीच मशीन लावून पाह्यली होती. शून्य आलं होतं. मंग कूलरचं कसं असन? मीच तेल लावून दिलं.” बोलता बोलता तिला ती काय सांगते आहे ते समजलं आणि तिनं पिठाचा हात तोंडावर धरला.

उन्नतीनं ती चिंधी सोडली आणि तो तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “आजी, तुमच्या हाताले काही नाही झालं. हात बरोबर सांगत होता. मशीन चुकली. मशीनले म्या कव्हर घातलं होतं, त्याच्यानं चुकली. म्या चुकली, आजी.”

प्रयागबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग चंद्रभानजींच्या हातातल्या उघड्या मीटरकडे पाहिलं.

“मशीन चुकते?”

“हाव.”

मला वाटलं आता म्हातारी शिव्या घालणार, आणि घालाव्यात असंच मला वाटत होतं. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. तिला काहीतरी उमजत नव्हतं आणि ती ते जुळवून पाहत होती.

“मंग मले काहून नाही इचारलं कोणं?” ती म्हणाली. “म्याच तं बोलवाले लावलं होतं चंद्रभानले. कूलर लावला तवापासून सुनेले म्हणून राहिली, हात लावला का झिणझिणते, वायरमनले बोलाव. तो आला. मशीन लावली, शून्य म्हणे. पोरीचं कव्हर दाखवलं, लय सुंदर हाय म्हटलं म्या. मंग चहा पेऊन गेला. म्या तेथंच उभी होती, बापा. मले वाटलं, मशीन थोडी खोटं बोलन? माह्या हातालेच झालं असन काही.”

“मी फोनवर नुसतं कूलर पाहून द्या म्हटलं,” श्वेता पुटपुटली. “आत्याबाईच्या हाताचं नाही सांगतलं. मले वाटलं, ते काय सांगाचं.”

म्हातारी करंट लागलेला स्वतःचा हात घेऊन त्याच खोलीत उभी होती, आणि चंद्रभानजींनी तिला पोपटी कव्हर दाखवलं. तिनं त्याचं कौतुक केलं, आणि ते गेल्यावर स्वतःच्याच हाताला खोटं ठरवून त्याला तेल लावत बसली. हे मला आजही पचत नाही.

चंद्रभानजींनी मीटर खिडकीत ठेवला. ते हळूच बाजेजवळ आले आणि लेकीच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले.

“आता इचारतो, बाई,” ते म्हणाले. “तू सांग.”

प्रयागबाईंनी उन्नतीच्या हातातून आपला हात सोडवून त्यांच्यापुढं धरला आणि झिणझिण्या कोणत्या बोटापासून सुरू होतात ते दाखवायला लागल्या.